शॉर्टहँड नोकरीतून गेले, वापरातून का जावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालबाह्य कौशल्यांची यादी कोणीही करायला घेतली की टंकलेखन यंत्राच्या शेजारी शॉर्टहँडचे, म्हणजे बोलणे भरभर टिपून घेण्याच्या खुणांच्या लिपीचे, नाव हटकून येते आणि हळहळीच्या दोन वाक्यांनंतर विषय मिटतो. साहेबांसमोर वही-पेन्सिल घेऊन बसणारा स्टेनो दिसेनासा झाला हे खरेच आहे. परंतु त्या नोकरीबरोबर ती लिपीही संपली, असे गृहीत धरणे मला पटत नाही. डिक्टेशन देणारे कोणी उरले नसतानाही मी रोज शॉर्टहँड लिहिते, आणि नोकरीत लिहीत असे त्याहून अधिक आवडीने लिहिते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांचा या लिपीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी तिची रचना थोडी सांगायला हवी. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्पेलिंगला स्थान नाही, उच्चाराला आहे. वर्णमाला घोकलेल्या माणसाला ती चटकन उमगते, कारण तिथे व्यंजनांच्या जोड्या डोळ्यांना दिसतात: ‘प’ची पातळ रेघ जरा दाबून काढली की तिचा ‘ब’ होतो, आणि ‘ट’ व ‘ड’, ‘च’ व ‘ज’, ‘क’ व ‘ग’ यांचेही तसेच. स्वरांसाठी ठिपके आणि बारीक रेघा असतात, पण वेगात त्या बहुतेक गाळल्या जातात आणि मग शब्द ओळीच्या वर बसला आहे, ओळीवर टेकला आहे की ओळीला छेदून गेला आहे, यावरून स्वर ओळखायचा असतो. इंग्रजीतील ‘पॅक’, ‘पेक’ आणि ‘पिक’ या तिन्ही शब्दांची आउटलाइन, म्हणजे व्यंजनांच्या रेघा जोडून होणारी शब्दाची आकृती, एकच; फरक केवळ जागेचा. जॉन रॉबर्ट ग्रेग यांनी १८८८ मध्ये आणलेल्या पद्धतीत जाड-पातळ हा भेदच नाही, तिथे रेघेच्या लांबीवरून अक्षर ठरते, त्यामुळे आजच्या बॉलपेनला खरे तर तीच अधिक मानवते. मी पडले पिटमनवाली, तेव्हा शिसपेन्सिल काही सुटलेली नाही.

साध्या हस्ताक्षरात मिनिटाला वीस-पंचवीस शब्द लिहून होतात, तर परीक्षेसाठी आम्ही ८०, १०० आणि १२० च्या स्पीडमागे धावत असू. घरगुती वापराला त्याची काहीही गरज नाही. चाळीस-पन्नासचा संथ वेग राहिला तरी फोनवर कोणी औषधांच्या वेळा किंवा कार्यालयीन कागदपत्रांची यादी सांगत असताना ‘थांबा, जरा लिहून घेते’ असे म्हणावे लागत नाही. व्याख्यानाची टिपणे, पुस्तकाच्या समासात सुचलेली शंका, रोजनिशी, एवढेच काय पण पत्राचा कच्चा मसुदासुद्धा (या पत्राचाही) शॉर्टहँडमध्येच होतो. विशेषनामे आणि आकडे मात्र मी नेहमीच्या लिपीत पूर्ण लिहिते, कारण संदर्भावरून इतर शब्द लावता येतात, अनोळखी आडनाव लावता येत नाही. ही लिपी हातात किती मुरलेली असते हे जुन्या स्टेनोंना सांगायला नको: भाषण ऐकताना तर्जनी आपसूक मांडीवर आउटलाइन काढत असते आणि वक्त्याने एखादा अपरिचित शब्द वापरला की जागीच थबकते.

मोबाइलवर सगळे रेकॉर्ड होते आणि यंत्र ते लिहूनही देते, मग हा खटाटोप कशाला, असे मला विचारले जाते. शब्दन्‌शब्द पुरावा म्हणून हवा असेल तिथे यंत्रच वापरावे, याबद्दल माझा वाद नाही. पण तासाभराचे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला तासभरच लागतो, टिपणावरून मात्र नजर फिरवली की हवी ती जागा सापडते. शिवाय रेकॉर्डर समोर ठेवला की माणसे जपून बोलू लागतात, ते वेगळेच. याहून महत्त्वाची गोष्ट थोडी आडवळणाची आहे. पूर्ण डिक्टेशन घेताना शब्द कानातून थेट हातात उतरतात, मनाचा मुक्काम मध्ये लागतोच असे नाही, आणि पत्र संपल्यावर ‘विषय काय होता’ असे विचारले तर भल्याभल्या स्टेनोला वही पाहावी लागे. स्वतःसाठी लिहिताना ती सक्ती उरत नाही. बोलणाऱ्याचे चार शब्द टिपून होतात तोवर तो फार पुढे गेलेला नसतो, आणि उरलेल्या वेळात त्याचे म्हणणे आपल्याला पटते की नाही याचा विचार करायला सवड मिळते. शॉर्टहँडचा हा उपयोग मला नोकरी सुटल्यावर कळला.

एक उणीव मात्र स्पष्टपणे मान्य करायला हवी. स्वर गाळलेले टिपण ताजे असेपर्यंतच सहज वाचता येते. काही महिन्यांनी ते लिहिणाऱ्यालाही अडते आणि इतरांना तर दारच बंद. सॅम्युअल पेपीस या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ या काळातील रोजनिशी थॉमस शेल्टन यांच्या शॉर्टहँडमध्ये लिहिली होती. पुढे १८१९ मध्ये जॉन स्मिथ या तरुणाने ती उलगडायला घेतली आणि त्यासाठी जवळजवळ तीन वर्षे डोळे शिणवले. त्या पद्धतीचे मार्गदर्शक पुस्तक पेपीसच्याच ग्रंथसंग्रहात होते, हे त्याला ठाऊक नव्हते. दोस्तोव्हस्की यांची एक अख्खी कादंबरी ऑक्टोबर १८६६ मध्ये डिक्टेशनवरून उतरवून घेणाऱ्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या अ‍ॅना यांनीही १८६७ च्या परदेश प्रवासातली रोजनिशी शॉर्टहँडमध्येच ठेवली, आणि तीत स्वतःच्या सोयीच्या खुणा मिसळल्यामुळे ती वाचणाऱ्यांना फार कष्ट पडले.

म्हणून जे अजून लिहितात त्यांना माझी विनंती आहे की प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पद्धतीचे नाव, भाषा आणि वर्ष साध्या लिपीत नोंदवावे आणि आपण स्वतः बनवलेल्या जोडशब्दांच्या खुणा अर्थासह शेवटच्या पानावर द्याव्यात. ज्यांच्या घरी अशा वह्या पडून आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी, लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला समोर बसवून निदान काही पाने मोठ्याने वाचायला सांगावे आणि ऐकता ऐकता उतरवून घ्यावे. तिचा वाचनाचा वेग तुमच्या लिहिण्याच्या वेगाला सहज जुळेल, कारण जुन्या आउटलाइन लावायला तिलाही मधूनमधून थांबावेच लागेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त लघुलेखिका