साहेब बदलले की स्क्रीन बदलते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तंत्रज्ञान कंपन्यांतले राजीनामे आपल्याकडे अर्थविषयक पानावर छापले जातात. कोण गेले, कुणाची वर्णी लागली, शेअर किती घसरला, एवढ्यावर बातमी संपते. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला अ‍ॅपलचे इंटरफेस डिझाइनप्रमुख, म्हणजे स्क्रीनचे रूप ठरवणारे, अ‍ॅलन डाय मेटा कंपनीत जाणार आणि त्यांची जागा स्टीफन लेमे घेणार, ही बातमी मी वाचली तिथे अशीच होती. माझ्या मते ती गुंतवणूकदारांपेक्षा फोन वापरणाऱ्यांच्या जास्त कामाची आहे. अशा कंपनीतला वरचा माणूस गेला की काही महिन्यांत आपल्या हातातली स्क्रीन बदलू शकते, आणि ती का बदलली हे आपल्याला कुणी सांगत नाही.

२०१२ साली काय झाले ते पाहा. त्या सप्टेंबरात आयओएस ६ (आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सहावी आवृत्ती) बरोबर अ‍ॅपलचे स्वतःचे नकाशे आले. त्यांत इतक्या चुका निघाल्या, की कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर पत्र लिहून माफी मागावी लागली. महिन्याभरात, २९ ऑक्टोबरला, आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल कंपनी सोडणार असे जाहीर झाले. माफीपत्रावर सही करायला त्यांनी नकार दिल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकी वृत्तपत्रांत आल्या होत्या. नकाशांचे काम एडी क्यू यांच्याकडे गेले, आयओएसचे क्रेग फेडरिगी यांच्याकडे. स्क्रीनच्या रूपाची सूत्रे मात्र जॉनी आइव्ह यांच्या हाती आली. तोवर त्यांचे नाव यंत्रांच्या घडणीसाठी होते, सॉफ्टवेअरसाठी नव्हे.

निमित्त नकाशांचे होते. पण फोर्स्टॉल यांच्याबरोबर खऱ्या वस्तूंसारखी दिसणारी स्क्रीनवरची सजावट गेली: वहीचा पिवळा रेघांचा कागद गेला, पुस्तकांचे लाकडी कपाट गेले, खेळांच्या अ‍ॅपमधले हिरवे बनातीचे कापड गेले. १० जून २०१३ रोजी, म्हणजे पुरते आठ महिनेही झालेले नसताना, आयओएस ७ जगासमोर मांडले गेले. त्या व्यासपीठावर फेडरिगी यांनी आपल्याच कंपनीच्या स्क्रीनवरच्या जुन्या चामड्याची आणि हिरव्या कापडाची थट्टा केली, आणि सभागृह हसले. ते काम करणारे कितीतरी लोक तेव्हाही कंपनीतच असणार.

चामड्याची शिवण गेली याचे मला दुःख नाही. ती नुसती सजावट होती आणि स्वच्छ पांढरी स्क्रीन डोळ्यांना बरी वाटली. पण त्याच झपाट्यात बटणांच्या कडाही पुसल्या गेल्या. बटण म्हणजे नुसता रंगीत शब्द उरला. अक्षरे बारीक झाली. अ‍ॅप उघडताना स्क्रीन अंगावर आल्यासारखी होई, त्याने काहींना गरगरायला लागले. मग ऑक्टोबर २०१३च्या अपडेटमध्ये हालचाल कमी करण्याचे सेटिंग सुधारले आणि मार्च २०१४मध्ये बटणांना आकार देण्याची सोय आली. कड ही सजावट नव्हती. कुठे दाबायचे ते ती सांगत होती, आणि हे कळायला कंपनीला लोकांच्या तक्रारी याव्या लागल्या.

मायक्रोसॉफ्टमध्ये त्याच सुमारास उलटे घडले. विंडोज ८मधून स्टार्ट बटण काढल्याबद्दल चाचणीच्या आवृत्तीपासूनच ओरड चालू होती. तरीही २६ ऑक्टोबर २०१२ला विंडोज ८ तसेच बाजारात आले. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच विंडोजचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी कंपनी सोडली. २०१३च्या ऑक्टोबरात ८.१मध्ये बटण परत दिसू लागले, आणि त्या बटणाने उघडणारा पूर्ण मेन्यू परत यायला विंडोज १०ची, म्हणजे जुलै २०१५ची वाट पाहावी लागली. सिनॉफ्स्की गेले म्हणूनच बटण आले असे मी म्हणणार नाही. विंडोज ८कडे लोकांनी फिरवलेली पाठही त्याला कारणीभूत होती. पण ज्याने निर्णय घेतला तो खुर्चीवर असेपर्यंत तो मागे घेणे सगळ्यांनाच अवघड जाते, हे कुठल्याही कचेरीत काम केलेला माणूस ओळखेल. आणि तो गेला की त्याचे चांगलेही पुसले जाते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाइलचा वर्ग घेते. बऱ्याच जणांकडे परदेशातल्या मुलांनी आणून दिलेला फोन असतो. शिकलेले सगळे वहीत उतरवलेले असते: डावीकडून दुसरा हिरवा चौकोन, दाबा, मग खाली निळी पट्टी. एका काकांनी तर तो चौकोन रंगीत पेन्सिलीने रंगवून ठेवला आहे. मध्यंतरी एका बँकेच्या अ‍ॅपचे रूप रातोरात पालटले. हिरवा चौकोन गेला, कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आल्या आणि पैसे पाठवण्याची सोय त्या रेघांच्या आत जाऊन बसली. काका पुन्हा शाखेत जाऊन स्लिप भरू लागले. या वयात मेहनतीने जे हातात बसवले होते, ते त्यांच्याकडून काढून घेतले गेले, याचा मला राग येतो.

३० एप्रिल २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा निकाल अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसी करताना येणाऱ्या अडचणींबद्दलचा होता. स्क्रीनचे रूप हा कुणा एका साहेबाच्या आवडीचा प्रश्न राहिलेला नाही, हे निदान आपल्या देशात तरी आता ठामपणे म्हणता येते.

डाय यांच्याच कारकिर्दीत २०२५ साली आयफोनला काचेसारखे पारदर्शक रूप आले. मागचे चित्र दिसत असल्याने वर लिहिलेले वाचता येत नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये काच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय मिळाला. आता नवे प्रमुख आले आहेत. ते काच ठेवोत की काढोत, पण जुनी मांडणी निदान वर्षभर निवडता यावी, आणि अक्षर ठळक करणे, बटणाला कड देणे या सोयी पहिल्याच दिवशी, समोर दिसतील अशा असाव्यात, अशी मागणी ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी लावून धरली पाहिजे.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी नेमणूक छापताना त्या व्यक्तीने आधी कोणत्या सोयी आणल्या वा काढल्या तेही दोन ओळींत द्यावे. आणि मोठे अपडेट येईल त्या आठवड्यात कोणते सेटिंग कुठे गेले याची सचित्र चौकट मोठ्या टायपात छापावी. सेटिंगांची नावे फोनवर जशी दिसतात तशीच द्यावीत, नाहीतर वाचकाला ती सापडत नाहीत.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)