गुडघ्याचं लिहायचं नाही असं ठरलंय

बारोटाक नुएवो, फिलिपाईन्स,
24 जून, रात्री

चि. टोटो यास,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा तुझा मेसेज नानायने वाचून दाखवला. मनिलाला विमान दोन तास लेट, बँकॉकला क्लबचा माणूस न्यायला आला होता, जेवलास. बरं झालं. मला वेगळा मेसेज आला नाही आणि येईल अशी अपेक्षाही नव्हती. सकाळी काबातुआनच्या विमानतळावर तू गाडीतून बॅग काढत असताना मी जे बोललो, त्यानंतर तुझ्या जागी मी असतो तर मीही पाठवला नसता.

मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. नानायने तंबी दिलीय, त्याला पत्र लिही, फोन कर, काय हवं ते कर, पण गुडघ्याचा विषय काढायचा नाही. एवढी वर्षं माझ्याशी संसार करून 'गुडघा' हा शब्द तिला कानाने ओळखता येतो, पण देवनागरी वाचता येत नाही. तेव्हा इथे मी निर्धास्त. तुला वाचायला वेळ लागेल हे माहीत आहे. माईने दापोलीला ओटीवर बसवून दोन सुट्ट्यांत पाटीवर जेवढं गिरवून घेतलं, तेवढ्या भांडवलावर वाचायचंय तुला. जोडाक्षर अडलं तर आत्याला फोटो पाठवू नकोस, ती गावभर करेल. चिपळूणच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना.

आणि मी गुडघ्याचं लिहिणारही नाहीये.

आधी सकाळचं. "तुला बैलासारखा जुंपतायत आणि तूही मान पुढे करतोस," असं मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो म्हणून जास्त लागलं असेल. मराठीत बैल ही काही शिवी नाही. आमच्या घरी पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळायची. पण तू आणि मी इंग्रजीत भांडतो आणि त्या भाषेत माझ्याकडे मऊ शब्द फार नाहीत. चूक माझी. तू काही न बोलता बॅग खांद्याला लावलीस आणि चालायला लागलास. मी तुझी चाल बघत उभा राहिलो. आत शिरेपर्यंत उजवा पाय... जाऊ दे.

इथे पाऊस लागलाय. संध्याकाळी चर्चसमोरच्या मैदानावर पोरं खेळत होती, घोट्याइतक्या चिखलात. बारोटाक या नावात म्हणे चिखल दोनदा आहे, एकदा स्पॅनिश, एकदा इथला. तू सात वर्षांचा असताना त्याच चिखलात स्लायडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढणं, शिकलास, तेव्हा नानाय काठावरून ओरडत होती आणि मी हसत होतो. मी तिला म्हणालो होतो, आमच्या शेतकी भाषेत याला पीक लोळणं म्हणतात. उंच भात वाऱ्यापावसात लोळतं, म्हणून इरीने, म्हणजे लोस बान्योसच्या भात संशोधन संस्थेने, 1966 मध्ये आयआर8 हे वाण आणलं, बुटकं आणि ताठ कण्याचं. तेव्हा तूही वर्गात सगळ्यात बुटका होतास. बचावात मधोमध, सेंटर बॅक व्हायला हा फार लहान आहे असं कोच म्हणाले आणि तुला डावीकडे लेफ्ट बॅकला ढकललं, त्या रात्री तू जेवला नाहीस. मी तुला आयआर8ची गोष्ट सांगितली. लोस बान्योसला अख्ख्या इन्स्टिट्यूटमध्ये ती गोष्ट माझ्याइतक्या वेळा कुणी सांगितली नसेल. तू म्हणालास, "बाबा, मी तांदूळ नाही." बरोबर होतं तुझं.

माझी वही आठवते ना, पिवळ्या पुठ्ठ्याची, शेतातल्या नोंदींची? आज काढली. तुझ्या पहिल्या सीनियर मॅचचं पान: मिनिटं 90, बाहेर काढलेले बॉल 11, हेडर 7, पिवळं कार्ड 1, पडला 2. 'पडला' हा रकाना मी पहिल्या दिवसापासून आखला होता, ते मी आजवर तुला सांगितलं नव्हतं. पुढे पुढे त्यात मी 'उ' आणि 'डा' लिहायला लागलो. पानं उलटत गेलं की 'उ' वाढत जातात. नानायला मी दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, तू मुलगा बघत होतास की प्लॉट?

पुढच्या फळीत खेळणाऱ्याच्या बापाला सोपं असतं, गोल मोजले की झालं. तुझ्यात मी काय मोजणार? 5 डिसेंबर 2010ला हनोईत आपल्या फिलिपाईन्सच्या टीमने सुझुकी कपात व्हिएतनामला 2-0 हरवलं तेव्हा सगळा देश ग्रेटविच आणि यंगहजबंडच्या गोलांबद्दल बोलत होता. तू मात्र आपल्या बचावातले रॉब गिअर आणि अली बोरोमेओ कुठे उभे राहतात ते बघत बसला होतास. बॉल सगळा वेळ व्हिएतनामकडेच होता, आपले फक्त बाहेर काढत होते. "असं नव्वद मिनिटं?" मी विचारलं. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला कळलं, हा आता एअर फोर्सची नोकरी धरणार नाही. पुढे इंडोनेशियाविरुद्ध सेमीफायनलच्या दोन्ही मॅच जकार्तालाच खेळाव्या लागल्या, कारण आपल्याकडे नियमात बसणारं मैदानच नव्हतं. दोन्ही 0-1. ज्या देशाला सेमीफायनल घरी खेळवता येत नाही, तिथे फुटबॉलवर पोट भरायचं! तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण दोन महिन्यांनी आपण इलोईलोहून बोटीने बाकोलोदला गेलो, पानाआद स्टेडियमवर मंगोलियाविरुद्धची मॅच बघायला, आणि पहिला गोल चीफी कालिगदोंगने केला. आपल्या बारोटाकचा चीफी. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली आणि मग माझं तोंड बघून म्हणाला, "बुंबाय!" इथे भारतीयाला हेच नाव. तू चौदा वर्षांचा. परतीच्या बोटीत झोपला नाहीस. अशा रात्री कुठला बाप नोकरीचं बोलेल?

आता ओघात आलंच आहे तर बोलतो. चीफी एअर फोर्सच्या नोकरीत होता. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, इथल्या कितीतरी पोरांनी तोच रस्ता धरला: बॉलही खेळायचा, पगारही चालू, शेवटी पेन्शन. तू क्लब धरलास. क्लब म्हणजे मालकाचा मूड. मालकाचा धंदा बसला की टीम बसते. त्या तीन महिन्यांत, पगार झाला नव्हता तेव्हा, तू मला फोनवर "सगळं ठीक" म्हणत होतास आणि बहिणीकडून, इनदायकडून, भाड्याला पैसे घेत होतास. तिने मला वर्षभराने सांगितलं. मी भात विकलं असतं रे. पाठवले असते पैसे. एवढा परका का झालो मी?

बघ, लेक्चर द्यायला लागलो. माफ कर. रिटायर झालेल्या माणसाला वर्ग मिळत नाही, मग तो पत्रात घेतो.

परवा नानाय तुला इलोईलोत जन्मलेल्या फुटबॉलपटू पाउलिनो अल्कांताराची गोष्ट सांगत होती, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. ती गोष्ट ती नेहमी अर्धीच सांगते. आईबापांनी बार्सिलोनाहून परत आणलं, पोराला मलेरिया झाला आणि त्याने हट्ट धरला की मला परत खेळायला पाठवत असाल तरच क्विनीन घेईन. पाठवलं. मग बार्सिलोनासाठी 369 गोल, जो आकडा पुढे मेस्सीने 2014 मध्ये मोडला. इथे तिची गोष्ट संपते. पुढची मी सांगतो: 1927 मध्ये, तिशी गाठता गाठता, त्याने खेळ सोडला आणि डॉक्टर म्हणून काम सुरू केलं. तू एकोणतीसचा. डॉक्टर हो असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय की त्या माणसाने निदान औषध घेतलं. तू डॉक्टरांनी सांगितलेले नऊ महिनेसुद्धा घेत नाहीस.

झालं. काढलाच विषय. आता काढलाय तर एकदाच लिहितो आणि मिटवतो.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. आज जून. मी बोटांवर मोजतो, वहीत मोजतो, साडेसहाच भरतात. क्लबच्या डॉक्टरने एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि पास केलं म्हणालास. त्यांचा सीझन ऑगस्टला सुरू होतो, त्यांना ऑगस्टला लेफ्ट बॅक हवाय. त्या डॉक्टरला पगार कोण देतं? मला लिगामेंटमधलं कळत नाही, लावणीतलं कळतं. तरव्यातून रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की आधी ते पिवळं पडतं, मान टाकतं. नवीन माणसाला वाटतं मेलं. मग मुळं धरतं, हिरवं होतं आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की झालं, आता याला काही होत नाही. तेव्हा ओढून बघ, अलगद हातात येतं. तुझ्या मांडीतली शीर काढून तिथे लावलीय. तीही लावणीच आहे. वरून हिरवी दिसते म्हणून तू उड्या मारतोयस.

तिकडे मैदान कसलं आहे? खरं गवत की प्लास्टिकचं? प्लास्टिकवर स्टड अडकतो आणि पाय तिथेच राहून माणूस फिरतो, हे तूच मला रिझाल मेमोरियलवरून परत आल्यावर सांगितलं होतंस. चिखलात तू हजार वेळा लोळलास, काही झालं नाही.

मिटलं. आता नाही लिहीत.

काठमांडूची मॅच आठवते? 11 मार्च 2012. तुझा देश विरुद्ध माझा देश. मी सकाळपासून कुणाच्या बाजूने बोलत नव्हतो, नानाय चिडवत होती. पहिला गोल आपल्या, म्हणजे तुमच्या टीमचा झाला, तू खुर्चीतून उडालास, मग माझ्याकडे बघून खाली बसलास. दुसरा झाला तेव्हा तू उठून अंगणात गेलास आणि तिथे, पपईच्या झाडाखाली, ओरडलास. मला वाईट वाटू नये म्हणून. 2-0. भारत हरल्याचं दुःख मला झालंच नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. मी खिडकीतून तुला बघत होतो.

आणि ते प्रेक्षक तुला "बुंबाय, फाइव्ह-सिक्स" म्हणून चिडवायचे, जणू तुझा बाप पाच देऊन सहा घेणारा सावकार आहे आणि मोटरसायकलवरून घरोघर व्याज गोळा करत हिंडतो. मी कधी मुंबईत धड आठवडाभर राहिलो नाही आणि इथे जन्मभर बुंबाय झालो. मी तोंड लपवायचो. तू मात्र एकदा टॅकल करून बॉल घेतलास, उठलास आणि त्या स्टँडकडे बघून पाच आणि सहा अशी बोटं दाखवलीस. सगळा स्टँड हसला आणि पुढे तुझ्याच बाजूने ओरडायला लागला. हे मला आयुष्यात जमलं नाही.

घरचं: छताची दुरुस्ती पुढे ढकलली. लोलाचा, तुझ्या आजीचा, पंखा परत बंद पडला, ती दुसरा घेऊ देत नाही. इनदायचा निकाल शुक्रवारी. काल तू उरलेलं काद्योस, म्हणजे इथलं तुरीच्या दाण्यांचं कालवण, डब्यात घेऊन जाशील म्हणून नानायने दाणे जास्त भिजवले होते. आज आम्ही दोघांनी दोन्ही वेळा तेच खाल्लं. तिने बटवान, ते आंबट फळ, जास्त टाकलं होतं. माईच्या कोकमाच्या आमटीसारखं आंबट लागलं, मला चाललं.

पैशांची गरज पडली तर इनदायला नाही, मला सांग. पहिल्या मॅचची लिंक पाठव. वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे लिही, तिकडच्या नाही, नानाय गोंधळते. मी वहीत नवीन पान आखलंय.

ती आत्ता मागे येऊन उभी राहिली. एवढं लांबलचक काय लिहिलंस म्हणाली. पावसाबद्दल, म्हटलं. वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं, मधलं गाळून. तरी एका ठिकाणी तोंडातून तो शब्द गेलाच. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि दिवा घालवायला सांगून गेली.

तुझा,
बाबा

ता. क. — खोलीचं दार लावताना दिसलं. गुडघ्याचा पट्टा, तो काळा, बिजागऱ्यांचा, दाराच्या मागे खिळ्याला तसाच आहे. विसरलास की ठेवून गेलास? सोमवारी कुरियर करतो. पत्ता इनदायकडे पाठव, म्हणजे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.