टोप रात्री शेगडीवर ठेवू नकोस

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझ्या पाठीमागे शेगडीवर तो निळा टोप दिसला. तू म्हणालास, "कालचंच चिकन नूडल आहे बाबा, एक उकळी आणली की झालं." मुग्धा शेजारीच बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहून फोटो पाठवतोय. आई म्हणते, पोराला व्याप कमी आहेत का, त्यात तुमचं पत्र! तिचं बरोबर आहे. तरी लिहितो.

आधी एक सांगतो. ऑफिस, इराची शाळा, ओमचं डे-केअर आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या, एवढ्यातून तू रोज घरी अन्न शिजवतोस. शशीकाकाला मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, बल्लवाचाच मुलगा तो. असो.

आता टोपाचं. आपल्याकडे रात्रीचा रस्सा झाकून ठेवायचा आणि सकाळी उकळी आणायची, हे तू जन्मापासून बघितलंस. मुरलेला रस्सा चवीला चांगला लागतो, तेही खरं. पण उकळीने सगळं मरतं ही समजूत चुकीची आहे. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही टिकतात. टोप कोमट झाला की ते वाढायला लागतात, आणि त्यातल्या काहींनी सोडलेलं विष दुसऱ्या दिवशी कितीही खदखदवलंस तरी जात नाही. नूडल्ससारखं पिठूळ काही त्यात असेल तर त्यांचं फावतंच. त्यातून तुझा टोप बिडाचा. तो तासन् तास उष्णता धरून ठेवतो, म्हणजे ४० ते १४० फॅरनहाइट या सगळ्यात वाईट टप्प्यात अन्न कितीतरी वेळ रेंगाळतं. तुला-मला बहुधा एखादा दिवस पोट धरून बसावं लागेल. पण मुग्धाचं औषध चालू आहे, आणि जंतूंशी लढणाऱ्या तिच्या पांढऱ्या पेशी सध्या किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढंच लिहितो, पुन्हा टोपाचं नाव काढत नाही.

तू विचारलं होतंस की नूडल्सचा लगदा का होतो. कारण तू सगळं एकदम घालतोस. चिकनला अर्धा तास लागतो आणि नूडल्सला सात मिनिटं. एकाच भांड्यात करायचं म्हणजे एकाच वेळी घालायचं असं नाही.

पहिल्यापासून सांगतो. हाड आणि कातडीसकट मांड्या घे, अडीच पौंड, साधारण सहा नग. ब्रेस्ट नको. ते थोडं जास्त शिजलं की भुशासारखं होतं, मांडी माफ करते. आणि चिकन धुऊ नकोस. हे आईला वाचून दाखवणार नाही, हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. पण सिंकमध्ये धुताना जे तुषार उडतात ते शेजारच्या ताटलीवर, ओमच्या बाटलीवर, सगळीकडे बसतात. पाकिटातून काढ, पेपर टॉवेलने कोरडं कर, टॉवेल थेट कचऱ्यात. कच्च्या चिकनचा बोर्ड वेगळा. हात साबणाने वीस सेकंद.

कोरडं करण्याचं आणखी एक कारण आहे. ओली कातडी तळली जात नाही, वाफाळते. टोप मध्यम आचेवर तापव, एक चमचा तेल, मांड्यांना मीठ-मिरपूड लावून कातडी खाली करून ठेव आणि सात-आठ मिनिटं हात लावू नकोस. तुला सतत हलवायची सवय आहे. चिकटली असेल तर अजून तयार नाही, तयार झाली की आपसूक सुटते. उलटून दोन मिनिटं, मग बाहेर काढ. कातडी ओढून टाक, तिचं काम झालं. टोपात दोन मोठे चमचे चरबी राहू दे, बाकीची काढ. तळाला जे तांबूस चिकटलेलं असतं तिथेच चव असते. ते काळं झालं असेल तर मात्र पुसून टाक, नाहीतर सगळा रस्सा कडवट होतो.

त्याच चरबीत एक मोठा कांदा, तीन गाजरं, सेलरीचे दोन दांडे. सेलरीच्या वासाने मुग्धाला मळमळत असेल तर सरळ वगळ. कांदा मऊ झाला की चार लसूण पाकळ्या, मग तीन मोठे चमचे मैदा टाकून दीड-दोन मिनिटं परत. कच्च्या मैद्याची चव राहिली तर शेवटपर्यंत जात नाही. आता चिकन ब्रॉथचा एक खोका, म्हणजे चार कप, आणि तीन कप पाणी. पहिला कप थोडा थोडा ओतून तळ खरवडून घे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत आणि चिकटलेलं सगळं सुटतं. खोक्यावर कमी सोडियमचं लिहिलेलं बघून घे. साध्याच्या एका कपात ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि रस्सा आटतो तसं ते दाट होतं. म्हणून मीठ शेवटी. एक तमालपत्र, अर्धा लहान चमचा थाइम. मिरपूड आत्ताच घाल, ताटात वरून नको. तिच्यासाठी सगळं शिजलेलंच हवं.

मांड्या परत आत. झाकण थोडं तिरकं, आच इतकी मंद की कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा. पंचवीस ते तीस मिनिटं. खदखदवलंस तर मांस आवळतं आणि रस्सा गढूळ होतो.

शिजलं की नाही ते रंगावरून ठरवायचं नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ पूर्ण शिजूनही गुलाबी राहतं, आणि उलट, पाणी स्वच्छ सुटलं म्हणून आतून शिजलं असंही नसतं. थर्मामीटर घे. जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आम्ही त्याच्याशिवाय एक ट्रे बाहेर जाऊ देत नव्हतो. सर्वांत जाड भागात खुपस, हाडाला लागू देऊ नकोस. १६५ फॅरनहाइट म्हणजे खायला सुरक्षित. मांडी मात्र १७५ ते १८५ ला खरी चांगली होते, कारण तिच्यातली चिवट जाळी तेव्हा विरघळते आणि रश्शाला अंग येतं.

मांड्या काढून, थोड्या निवल्या की काट्याने सोडव. हाडं नीट मोज. ओमला हाडाची कपची लागली तर काय होतं ते आपण दापोलीला बघितलंय.

आता, नूडल्स घालायच्या आधी, मुग्धासाठी दोन कप नुसता रस्सा आणि थोडं चिकन वेगळं काढ. ज्या दिवशी तिला काही बघवत नाही त्या दिवशी तेवढंच पोटात जाईल. तुझ्या टायफॉइडच्या वेळी आजी अशीच पेज वरवरची काढून द्यायची, मेतकूट चिमूटभर. तू तोंड फिरवायचास. आजी ओरडायची नाही, वाटी तिथेच ठेवून निघून जायची, आणि ती गेली की तू पिऊन टाकायचास. मुग्धालाही "खा ना, खा ना" करू नकोस. वाटी ठेव आणि मुलांकडे जा. तोंडाला धातूची चव येत असेल तर प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा दे. फार गरम नको, वाफेबरोबर वास जास्त येतो. शिजवताना खिडकी उघडी ठेव, तिच्या खोलीचं दार बंद.

नूडल्स: रुंद एग नूडल्स, ८ औंस. तुझं पाकीट १२ औंसाचं आहे, म्हणजे दोन तृतीयांशच. सगळं पाकीट ओततोस आणि मग म्हणतोस रस्सा कुठे गेला! त्या नूडल्सनीच प्यायला. आच वाढवून नीट उकळी आण, मग घाल, ढवळ, आणि पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक उचलून चावून बघ. मधोमध किंचित कच्ची लागली पाहिजे. मग चिकन परत, अर्धी वाटी फ्रोझन मटार, एक उकळी आणि गॅस बंद. पाच मिनिटं झाकून ठेव, उरलेलं शिजणं त्यात होतं. मग मीठ आणि लिंबाचा मोठा चमचाभर रस. सावर क्रीम घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावरच, आधी वाटीत गरम रश्शात कालवून. नाहीतर फुटतं. दाट वाटलं तर कपभर गरम पाणी. गार पाणी ओतू नकोस.

आणि हो, तुमच्या ओहायोत आमिश लोक चिकन-नूडल्स मॅश्ड बटाट्यावर वाढतात, असं इराने सांगितलं. तुझी आई हसत सुटली, म्हणाली नूडल्सच्या खाली बटाटा! मी म्हटलं, पावात बटाटावडा घालून खाणाऱ्यांनी नावं ठेवू नयेत. मुलांना कर एकदा असं. त्यासाठी ते रीम्स कंपनीचे फ्रोझन जाड नूडल्स बरे पडतात. त्यांना वीसेक मिनिटं लागतात, पाकिटावर बघून घे. त्यांचं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो, तेव्हा मैदा वगळ.

उरलेलं. मी म्हटलं होतं नाव काढणार नाही, पण हे राहून कसं चालेल? जेवण संपलं की ताटं उचलायच्याही आधी उरलेलं उथळ डब्यांत काढ. दोन इंचांपेक्षा जास्त थर नको. घाई असेल तर स्टीलच्या पातेल्यात काढून ते बर्फाच्या पाण्यात ठेव आणि ढवळ. बिडाचा गरम टोप स्वतः बर्फात ठेवू नकोस, त्याचं इनॅमल तडकतं. पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये हे आपल्याकडचं जुनं. उथळ डबा कोमट असतानाच आत गेला तरी चालतो. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत आत गेलाच पाहिजे. फ्रिज ४० च्या खाली. तुम्ही तिघं तीन दिवस खाऊ शकता. मुग्धाला दुसऱ्या दिवसानंतरचं नाही, आणि हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई याहून कडक सांगत असतील तर त्यांचंच ऐक. गरम करताना परत १६५. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग गार राहतो, अर्ध्यावर काढून ढवळ. दुसऱ्या दिवशी नूडल्स फुगलेल्या असतात, अर्धा कप पाणी घालूनच गरम कर. फ्रीझ करायचं असेल तर नूडल्सशिवायचा रस्सा. नूडल्स फ्रीझरमधून चिखल होऊन येतात.

आणि रात्री दहाला तू दमून सोफ्यावर पडलास, टोप शेगडीवर राहिला, आणि सकाळी लक्षात आलं, तर फेकून दे. वास घेऊन बघू नकोस, चाखून तर मुळीच नको. वासाने कळत नाही. अडीच पौंड चिकन गेलं तर गेलं. अन्न टाकू नये हे मीच तुला शिकवलंय, ताटातलं शीत सांडलं तरी उचलायला लावायचो. ते विसर. निदान हे औषध संपेपर्यंत विसर.

वाचून बघितलं तर पत्र नाही, फतवा झालाय. रागावू नकोस. तू चाळिशीला आलास, घर चालवतोस, आणि बाप तिकडून दोन इंच आणि १६५ करत बसलाय. इथून हात पोहोचत नाही रे, म्हणून आकडे पाठवतोय. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय. तिला निघता आलं नाही तर मी एकटा येईन. व्हिसा आहे. तुझ्या घरात कुठली भांडी आहेत ते एकदा फोटो काढून पाठव, म्हणजे काय आणायचं ते ठरवतो.

१००.४ ताप दिसला की वाट बघायची नाही, हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. फ्रिजवर नंबर लावलाय ना?

मुग्धाला आशीर्वाद. इरा-ओमला गोड पापा.

तुझे
बाबा

ता. क. थर्मामीटर घेतलास की आधी तपास. पेला बर्फाने भर, थोडं पाणी घाल, दांडी मधोमध धर, काचेला टेकवू नकोस. ३२ दाखवलं पाहिजे. दोन-तीन अंश चुकत असेल तर तेवढा फरक धरून वाच. जास्त चुकत असेल तर दुकानात परत दे आणि दुसरा घे.