बुशहरची आगबोट मुंबईहून सुटत असे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इराणमधल्या बुशहर बंदरावरचा लेख मी दोनदा वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे पानोपानी दिसते. पण आगबोटींचा विषय निघाला तेव्हा त्यात ब्रिटिश आले, १९०१ साली ओडेसाहून इराणच्या आखातात उतरलेले रशियन आले, १९०६ ची जर्मनांची हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनही आली. मुंबई मात्र वाटेवरचे एक बंदर म्हणून एका ओळीत आटोपली. माझे आजोबा हर्णैचे. त्याच मार्गावरच्या आगबोटींवर ते सुकाणी, म्हणजे सुकाणू धरणारे, होते. ती एक ओळ वाचून मला राहवले नाही, म्हणून हे पत्र.

कंपनी ब्रिटिश होती, हे कबूल. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, आमच्याकडे नुसती 'बीआय'. १८६२ साली टपालाच्या सरकारी कंत्राटावर तिने मुंबई, कराची आणि पुढे आखात अशी फेरी सुरू केली. आरंभी दीड महिन्यातून एक बोट, आणि १८७४ पर्यंत आठवड्याला एक. त्याआधी हा सगळा व्यापार शिडाच्या गलबतांवर चालायचा आणि गलबत वाऱ्याच्या मर्जीवर. आगबोटीने बुशहरच्या व्यापाऱ्याला तारीख दिली. अमुक वारी मुंबईची बोट लागणार हे ठरले, की त्या हिशेबाने शिराझहून खेचरांचे तांडे निघू लागले. एका बंदराचे आयुष्य बदलायला एवढे पुरते.

आणि या सगळ्याची दोरी मुंबईत होती. ईस्ट इंडिया कंपनीने बुशहरला वखार घातली १७६३ साली. तिथला रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १८६४ मध्ये बुशहरला उघडलेले टपाल कार्यालय हिंदुस्थानी टपाल खात्याचे होते, पत्रांवर तिकिटे हिंदुस्थानची लागत, आणि हे १९२३ पर्यंत चालले. १८७७ साली तर 'बॉम्बे अँड पर्शिया' नावाची आगबोट कंपनीच मुंबईत निघाली. पुढे हाजच्या यात्रेकरूंमुळे घरोघरी माहीत झालेली मोगल लाइन ती हीच. डोंगरीतली निळ्या फरशांची मुघल मशीद १८६० साली बांधली, ती मुंबईत स्थायिक झालेल्या एका शिराझी व्यापाऱ्याने. शिराझचा माल समुद्राला मिळायचा तो बुशहरलाच.

आजोबा बुशहरला 'बुशायर' म्हणत. तिथे काय पाहिलेत असे विचारले की ते म्हणत, "पाहणार काय? आपल्या हर्णैसारखंच. बोट लांब उभी आणि पडाव येतायत." कोकण किनाऱ्यावरून ज्यांनी आगबोटीचा प्रवास केला आहे, त्यांना हे एका वाक्यात कळेल. बुशहरचा किनारा उथळ. मोठी बोट गावापासून काही मैल बाहेरच नांगर टाकायची, आणि माल, माणसे, टपालाच्या थैल्या सगळे पडावांनी, म्हणजे होड्यांनी, ने-आण करायचे. उत्तरेकडून 'शमाल' नावाचा वारा सुटला की होड्या बोटीला लागेनात. मग कापडाचे गठ्ठे तसेच पोटात घेऊन बोट पुढे बसऱ्याला जायची आणि परतीच्या फेरीत पुन्हा प्रयत्न. आजोबा सांगत, अशा वेळी शिडीच्या पायथ्याशी उभा असलेला खलाशी लाट वर येईपर्यंत थांबायचा, होडी उचलली गेली की त्याच क्षणी समोरच्याचे मनगट पकडून त्याला वर ओढायचा. मनगट धरायचे, हात नाही. ओला हात निसटतो. हे सांगताना ते माझे मनगट धरून दाखवत, आणि त्या वयातही त्यांची पकड अशी होती की बोटे उमटत.

उतरलेला माल, म्हणजे मुख्यतः कापड, साखर, चहा, खेचरांवर लादून शिराझकडे चढायचा. वाटेत दोन अवघड घाट, एकाचे नाव म्हातारीचा घाट, दुसऱ्याचे मुलीचा. फारसीत पीरजन आणि दुख्तर. येताना गालिचे, अफू, गुलाबपाणी, सुका मेवा. घोडेही यायचे, आणि मुंबईत त्यांना मोठे गिऱ्हाईक होते. ओटी भरताना आपण जी खारीक घालतो, तीही तेव्हा आखाताकडूनच यायची, मस्कतकडची. नथीतला मोती बसऱ्याचा म्हणवतो, पण तो निघायचा बहरीनच्या आसपासच्या समुद्रात. इराणात चिंचेला 'तम्र-ए-हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. घेणे-देणे दोन्ही बाजूंनी किती मुरले होते, ते या शब्दातच आहे.

बुशहरचा पडता काळ आपल्या लेखात नीट आला आहे. तेल निघाले ते वरच्या अंगाला, १९३८ साली पुरी झालेली इराणची रेल्वे समुद्राला मिळाली ती दुसऱ्याच बंदरात, बंदर शाहपूरला, आणि १९४६ मध्ये रेसिडेन्सीही बहरीनला गेली. त्याबद्दल मला काही जोडायचे नाही.

मला बोलायचे आहे ते बोटीवरच्या माणसांबद्दल. सारंग (खलाशांचा मुकादम), तांडेल (त्याच्या हाताखालचा), सुकाणी, खलाशी यांत रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी माणसे होती, मुसलमान बांधव विशेष करून. जेवणखाण्याची व्यवस्था बहुतेक गोवेकरांकडे. आजोबा ज्या बोटीवर होते तिचे नाव होते 'वर्सोवा', तिच्याच जोडीच्या एकीचे 'विटा'. नावे आपल्या ओळखीची, पण त्या बोटींबद्दल जे काही छापलेले मिळते त्यात कप्तानाचे नाव असते, इंजिनाची ताकद असते, सुकाण्याचे नाव नसते. ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ 'दारा' बोटीवर स्फोट झाला, २३८ माणसे गेली. तीही याच मुंबई-आखात फेरीवरची. आमच्या भागात आजही म्हाताऱ्या माणसांसमोर 'दारा' म्हटले की ती गप्प होतात. १९८२ साली 'द्वारका' बंद झाली आणि एकशेवीस वर्षांची ही फेरी संपली. सत्तरच्या दशकात नोकरीसाठी आखातात गेलेल्या कितीतरी मुलांनी पहिला प्रवास तिच्याच डेकवर, वळकटी पसरून केला.

आजोबांची 'नळी' माझ्याकडे आहे. खलाशाला प्रत्येक फेरीअखेर मिळणारे दाखले गुंडाळून ठेवायची ती पत्र्याची नळी. समुद्राच्या हवेत कागद टिकावा म्हणून. आतले कागद तपकिरी पडले आहेत, कडा हात लावताच झडतात. पण बोटीचे नाव, हुद्दा, मुंबईत चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि वर्तनाच्या रकान्यात 'व्हेरी गुड'चा शिक्का स्वच्छ वाचता येतो. सहीच्या जागी अंगठा आहे. ते सही करायला पुढे शिकले, माझ्या वडिलांच्या पाटीवर.

दोन वर्षांपूर्वी ही नळी घेऊन मी मुंबईतल्या एका संग्रहालयात गेले होते. 'आमच्याकडे खलाशांच्या कागदांसाठी विभाग नाही' एवढे सांगून मला दारातूनच परत पाठवले. बोटीचे मॉडेल असते तर ठेवून घेतले असते, असेही सांगितले. मला त्याचे फार वाईट वाटले, आजही वाटते.

आखाती कारभाराची मुंबई सरकारची जुनी दप्तरे राज्य पुराभिलेखागारात आहेत. त्यांच्या शेजारी या खलाशांच्या दाखल्यांना एक कपाट मिळावे, अशी माझी शासनाला विनंती आहे. मूळ कागद ठेवणे जमणार नसेल तर निदान त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. आणि आपल्या वाचकांना विनंती अशी, की माळ्यावर अशी गंजलेली नळी सापडली तर भंगारात देण्याआधी उघडून पाहा. कागद एकदम उलगडू नका, तुकडे होतात. त्यांचा फोटो काढा.

माझ्याजवळच्या दाखल्यांवरून 'वर्सोवा'च्या काही फेऱ्यांच्या तारखा मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. त्या बोटीवर आपले कोणी होते का, हे कुणाला ताडून पाहायचे असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी