किल्ली मीच घेतली होती

पेण, ३१ मे

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी आम्ही कोचीहून घरी पोहोचलो. नेत्रावती एक्सप्रेस पनवेलला फारसा उशीर न करता आली, पुढे एसटीत दोघांनाही जागा मिळाली. कोळंबीच्या लोणच्याची बाटली मात्र बॅगेत पाझरली. माझे दोन्ही पांढरे शर्ट आता चेराईचे झालेत. आई म्हणते डाग जाणार नाहीत. वास तर नाहीच नाही.

हे सगळं फोनवर बोललो असतो. पण फोनवर तू 'हो बाबा, हो बाबा' करतेस आणि फोन टेबलावर ठेवून तुझं दुसरंच काहीतरी चाललेलं असतं, ते मला ऐकू येतं. म्हणून पत्र. टायरबद्दल यात काही लिहिणार नाही, तसं आईला कबूल केलंय.

आधी तुझ्या स्कूटरच्या किल्लीचं सांगतो. ती मीच घेतली होती. तू सगळी खोली उलथीपालथी केलीस आणि मी चहा पीत 'उशीखाली बघ' म्हणत बसलो. शेवटी पायी गेलीस, कामावर उशिरा पोहोचलीस, मॅडमसमोर तुला मान खाली घालावी लागली. पस्तीस वर्षं पेण डेपोत गाड्या तपासून वेळेवर बाहेर काढणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही. संध्याकाळी 'मी काय लहान आहे?' म्हणून ओरडलीस, ते बरोबरच होतं. घरमालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या म्हणून मला जास्त लागलं, हेही खरं.

पण रेवू, तो मागचा टायर गोटा झालाय गं. मी नख घालून बघितलं. मधली नक्षी गेलेलीच आहे, कडेला नावाला उरलीय. आणि तो तुमच्या गाड्या नेणाऱ्या बोटीचा, जंकारचा लोखंडी रॅम्प. त्यावर शेवाळ, सांडलेलं डिझेल, पुढे कार, मागे मासळीचा टेम्पो, आणि बोट लागली रे लागली की सगळ्यांना एकदमच चढायचं असतं. कोरड्या मे महिन्यात माझी चप्पल सरकली तिथे. एक जून ही तिकडची पावसाची तारीख. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा रॅम्प ओलाच असेल.

झालं. मोडलंच कबूल केलेलं. पुढे वाच.

आई आल्यापासून शेजारीपाजारी एकच सांगत सुटलीय, कुळुप्पिळ्ळीच्या किनाऱ्याचं. चेराई तिला गर्दीची वाटली. (अलिबागच्या मे महिन्यातल्या गर्दीपुढे ती काय गर्दी! पण असो.) कुळुप्पिळ्ळीला आपण तिघं, एक कुत्रा आणि जाळं शिवणारे दोघे, बस्स. घोडागाडी नाही, भेळवाला नाही. ती दोन तास नुसती बसली होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, काही निवडत नाही, सोलत नाही, अशी इतका वेळ बसलेली मी तिला पाहिली नव्हती. समोर समुद्र, पाठ फिरवली की कायल, म्हणजे तिकडचं बॅकवॉटर, आणि मधे एवढीशी जमीन. तिथेच तू सांगितलंस की १३४१ साली पेरियारला मोठा पूर आला, तिकडे मुझिरिस बंदर गाळात गेलं आणि इकडे हे वायपिन बेट वर आलं असं म्हणतात, आणि लोक त्या सालापासून आपला शक मोजायचे. मी म्हटलं, म्हणजे आपली खारजमीनच की ही! तू हसलीस. त्या अख्ख्या सहलीत तू माझ्या बोलण्यावर मनापासून हसलीस ते तेवढंच एकदा. मी मोजत नव्हतो, पण लक्षात राहिलं.

कोचीत आईला वास्को द गामाची जागा आवडली नाही. १५२४ साली पुरला आणि १५३९ साली पोर्तुगालला नेला म्हटल्यावर म्हणाली, 'मग रिकाम्या जागेला कठडा कशाला?' मला चिनी जाळी बघायची होती. तुम्ही दोघी उन्हात कंटाळलात, पण एवढं मोठं धूड दोरीला टांगलेल्या दगडांच्या वजनावर वरखाली होतं, चार-पाच माणसं नुसती ओढतात, ना इंजिन ना ग्रीस! आमच्या डेपोतला जॅक याहून जास्त कुरकुरायचा. मट्टनचेरीचं ज्यूंचं देऊळ मात्र माझ्यामुळे हुकलं. १५६८ सालचं ते, आणि मी तुम्हाला नेमकं शनिवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नेलं. आपल्याकडे बेने इस्रायलींना 'शनवार तेली' का म्हणायचे ते लहानपणापासून ऐकलेल्या पेणच्या माणसाला एवढं सुचू नये!

तुझं शेत बघायचं मला खरं म्हणजे भय वाटत होतं. आमची खाडीकडची खार गेली त्या वर्षी तू चौथीत होतीस. उधाणाने बांधाला खांड पडली, कोणी वेळेत बांधली नाही, आणि आज तिथे तिवरं उभी आहेत. आजीने त्यानंतर त्या बाजूला कधी तोंड केलं नाही. तू खाऱ्या जमिनीचाच अभ्यास घेतलास तेव्हा मी चिडलो होतो, आठवतं? म्हटलं, जगात दुसरा विषय नाही? आणि परवा पोक्काळीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या भाताच्या, त्या रिकाम्या शेतात गुडघाभर चिखलात तू उभी होतीस. मातीचे ढिगारे रचलेले, पाऊस त्यातलं मीठ धुणार, मग वर मोड आलेलं बी. पीक झालं की नुसत्या लोंब्या कापायच्या, पेंढा तिथेच कुजू द्यायचा, तो पुढे कोळंबीला. बांधातल्या पाण्याच्या दाराला, आपल्या उघाडीला, तिकडे तूंबु म्हणतात. तू ते मीठ मोजायचं यंत्र पाण्यात धरलंस, आकडा वाचलास, आणि ती म्हातारी बाई बांधावरून 'मोळे' म्हणत तुला काहीतरी विचारत होती आणि तू तिला तिच्या भाषेत उत्तर देत होतीस. मोळे म्हणजे मुली, हे तू मला नंतर सांगितलंस. मला ते तेव्हाच समजलं होतं. त्या वेळी मी चष्मा पुसत होतो तो घामाने धुरकटला होता.

फक्त दिवसभर पाय खाऱ्या पाण्यात ठेवून पावसाळ्यात चिखल्या होतील. रात्री पाय कोरडे करून बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लाव. रेनकोट दोन ठेव, एक वाळत असतो. रात्रीची शेवटची बोट धरायची धावपळ करू नकोस, सरळ गोश्री पुलावरून लांबून ये, वेळ जास्त लागला तर लागला. आणि पगारातले निदान... बघ, पुन्हा माझं भाषण सुरू. माफ कर. बाळ्या म्हणतो, बाबा रिटायर झाले पण त्यांचं तपासणीपत्रक रिटायर झालं नाही.

तू म्हणालीस, 'तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही.' त्याचा मी गाडीत रात्रभर विचार केला. तुझ्यावर आहे. तू चांगली चालवतेस, माझ्यापेक्षा सावकाश. नानाही सावकाशच चालवायचा. एवढंच.

आता एक गोष्ट, आणि ही आईला सांगू नकोस. त्या दिवशी तू पायी निघून गेल्यावर मी तुझी गाडी काढली आणि जंकारवर चढवली. रॅम्पवर मागचं चाक सरकलं. पडलो नाही, टेम्पोवाल्याने हात दिला. पलीकडे वायपिनच्या जेट्टीजवळ टायरवाला गाठला. तो मल्याळममध्ये, मी मराठीत. 'टायर' तेवढा दोघांना कळत होता. मी कागदावर ९०/१००-१० लिहून दिलं. त्याच्याकडे ते माप नव्हतं, सोमवारी आणतो म्हणाला, म्हणजे बोटाने कॅलेंडर दाखवलं. मी ५०० रुपये देऊन ठेवलेत. पावती आईने दिलेल्या मेतकुटाच्या डब्यात आहे, वरच्या पिशवीखाली. तू तो डबा उघडणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून लिहितोय. उरलेले पैसे तू दे, नाहीतर म्हणशील बाबांनी सगळं परस्पर केलं.

दुकान दहाला उघडतं. नवा टायर बसवल्यावर हवा स्वतः बघून घे. मागे २९. मागे कोणी बसणार असेल तर ३६. कोण बसणार, ते मी विचारत नाहीये.

तुझे,
बाबा