गल्ल्याची किल्ली

काका,

हे समोर उभं राहून बोलायला गेले तर तुम्ही "अहो, त्यात काय!" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळाल आणि बाकड्यावरची मंडळी कान टवकारतील. म्हणून उघड पत्रच लिहिते. कान टवकारायचेच असतील तर यावेळी खऱ्या गोष्टीसाठी टवकारू देत.

संस्थेच्या हिशेबात तूट दिसली आणि चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं. घडलं ते एवढंच. कुणी, कसं, का, ते आता उगाळत नाही. एक नोंद दोनदा चढली होती असं शेवटी निघालं आणि मला दोन ओळींचं पत्र मिळालं. पण तोवर चार महिने गेले होते, आणि तेवढ्या काळात तुमच्या बाकड्यावर मी काय काय होऊन गेले! आधी 'रजेवर', मग 'काढून टाकलेली'. महिन्याभरात रकमेवर एक शून्य चढलं आणि कुणीतरी माझ्या नावावर प्लॉटसुद्धा घेऊन टाकला. तो कुठे आहे ते कळलं तर मलाही कळवा, एकदा बघून येईन.

रिकाम्या दुपारी अफवांबद्दल मिळेल ते वाचत बसायचे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली लिहून ठेवलंय: एकाने चित्र बघून दुसऱ्याला सांगायचं, त्याने न बघता तिसऱ्याला. पाच-सहा तोंडं फिरेपर्यंत त्यातला सुमारे ७० टक्के तपशील गळून जातो. जे उरतं ते जास्त धारदार होतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे असतं त्याचा रंग घेतं. माझ्या गोष्टीतून सगळ्यात आधी गळला तो 'चौकशी' हा शब्द.

मी दुकानात यायची बंद झाले नव्हते, पण वेळ बदलली होती. बाकडं रिकामं असेल अशी वेळ साधायची, हवं ते घ्यायचं आणि निघायचं. त्या दिवशी अंदाज चुकला. पायरी चढले आणि चौघांचं बोलणं एकदम तुटलं. ती शांतता ज्याच्या वाट्याला आली असेल त्यालाच कळेल. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते त्या शांततेत जास्त स्पष्ट ऐकू येतं.

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "बरं झालं आलात, जरा गल्ल्यावर बसा, मी मागून माल काढून आणतो," असं म्हणालात, गल्ल्याची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि आत गेलात. पैशाच्या अफरातफरीचा डाग लागलेल्या बाईच्या हातात, तेही ज्यांनी तो डाग घासूनपुसून चमकवला होता त्यांच्याच देखत!

बराच वेळ तुम्ही आलाच नाहीत. मी दोन गिऱ्हाइकं केली. हात कापत होते, सुटे पैसे खाली सांडले. मग बाकड्यावरचे एक गृहस्थ उठले, त्यांना काहीतरी घ्यायचं होतं. मी परत दिलेले पैसे त्यांनी दोनदा मोजले. मोजू देत. बरोबरच होते.

तुम्ही परत आलात ते रिकाम्या हातांनी. आत आणण्यासारखं काही नव्हतंच, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं आणि मग मी पोटभर रडले.

तुमच्या आधी बोलायला हवं होतं ते वेगळेच होते. ज्यांच्या टेबलाला टेबल लावून मी इतकी वर्षं काम केलं, ज्यांना ती वही पाठ होती, त्यांनी "आपण कशाला मधे पडा" म्हणून तोंडं मिटून घेतली. एका नातेवाईकबाईंनी फोन केला, "खरं काय ते मला तरी सांग". त्यातल्या 'तरी'मुळे मी फोन ठेवला. तुम्ही मात्र मला काहीच विचारलं नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्झने १९६१ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या गल्लीतल्या दुकानदाराबद्दल लिहिलं होतं. पाहुणा यायचा असला की लोक घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून जात, आणि किल्ल्यांसाठी त्याने एक खास खण राखला होता. किल्ली त्याच्याचकडे का? तर तो जबाबदार होता, आणि कुणाच्या घरात कोण येतंय याची चौकशी करत नव्हता. हे वाचताना तुमचाच चेहरा डोळ्यांसमोर आला. फक्त तुमच्याकडे किल्ली उलट्या दिशेने फिरली.

बाकड्यावर माझा राग आहे, पण ते मोडावं असं वाटत नाही. रॉबिन डनबर नावाच्या संशोधकाने लोकांच्या सहज गप्पा मोजून बघितल्या, तर जवळपास दोन तृतीयांश वेळ माणसं माणसांबद्दलच बोलत होती. वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत हे पहिल्यांदा याच बाकड्याच्या लक्षात आलं होतं, आणि दार ठोठवायला याच मंडळींमधले दोघे धावले होते. ज्या डोळ्यांनी त्यांना वाचवलं, त्याच डोळ्यांनी मला प्लॉट मिळवून दिला. आता काय म्हणावं!

आणि एक गोष्ट लिहायची टाळत होते. पूर्वी मीही त्या बाकड्यावर बसलेय. कोपऱ्यावरच्या घरातली सून माहेरी निघून गेली तेव्हा तिच्याबद्दल सगळ्यात रंगवून मीच बोलले होते. सगळे हसत होते. तुम्ही तेव्हा काय केलंत ते मला परवा अचानक आठवलं.

तुम्ही माल काढायला आत गेला होतात.