सायनस परत परत का उलटतो, हे पण छापा

संपादक महोदय,

तुमच्या आरोग्य पुरवणीतला सायनसवरचा लेख वाचला. लिहिलंय चांगलं, पण सगळा जोर इन्फेक्शन झालं की अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा यावरच आहे. ज्यांचं नाक तीन-तीन महिने चोंदलेलं असतं, घशात मागून कफ उतरत राहतो, वास येईनासा होतो, त्यांना हे वाचून काय मिळणार? त्यांनी कोर्स पूर्ण केलेलेच असतात हो. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केल्या की थोड्या दिवसांनी परत तेच, आणि मग घरचे म्हणतात तूच पथ्य पाळत नसशील. हे ऐकून माणूस खरंच खचतो, मी जवळून बघितलंय.

म्हणून लेखात बायोफिल्मचा, म्हणजे बॅक्टेरियाच्या चिकट थराचा, एक शब्दही नाही याचं वाईट वाटलं. बॅक्टेरिया नेहमी सुटेसुटे तरंगत नसतात, ते अस्तराला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन आणि डीएनए यांचा बुळबुळीत थर तयार करतात आणि त्यात वस्ती करून राहतात. दातांवरचं किटण म्हणजे बायोफिल्मच, आणि ते गोळी खाऊन जात नाही, घासावं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. सायनसच्या अस्तरावरही असा थर असतो हे २००४ साली पेशंटच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं, आणि त्यानंतर जगभर यावर बरंच काम झालंय. थरातले बरेच बॅक्टेरिया जवळजवळ झोपल्यासारखे असतात, वाढ एकदम हळू, आणि अनेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या बॅक्टेरियावरच नीट काम करतात, त्यामुळे सुट्या बॅक्टेरियाला मारणारा डोस इथे शेकडो पट वाढवला तरी कमी पडू शकतो. वरवरचे सुटे मरतात म्हणून बरं वाटतं, आतले राहतात आणि परत सुटतात. कल्चरमध्ये, म्हणजे नमुना लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, काहीच उगवलं नाही असा रिपोर्ट येतो त्याचंही हे एक कारण असू शकतं, चिकटलेले बॅक्टेरिया स्वॅबवर सहज येत नाहीत आणि आले तरी लॅबमध्ये पटकन वाढत नाहीत. म्हणजे रिपोर्ट क्लीन आला म्हणून पेशंट उगाच कुरकुर करतोय असं होत नाही!

त्यात गालाच्या सायनसचं, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीचं, तोंड असतं वरच्या बाजूला, म्हणजे कफ बाहेर काढायला अस्तरावरच्या बारीक केसांना तो वर ढकलत न्यावा लागतो. सूज येऊन हे केस खराब झाले की कफ साचतो, साचला की बॅक्टेरियाचं फावतं, परत सूज. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा बॅक्टेरिया असेल तर त्याची काही विषं शरीराची प्रतिकारशक्ती भलतीच भडकवतात आणि काहींना पॉलिप, म्हणजे अस्तराच्या मऊ गाठी, होतात त्यात याचा हात असावा असं मानतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, बायोफिल्म निरोगी माणसांच्या सायनसमध्येही सापडलेत, त्यामुळे सगळं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. ॲलर्जी, दमा, नाकाची रचना हेही बघावं लागतं. पण म्हणूनच जुनाट सायनसमध्ये सूज कमी ठेवणं हा मुख्य उपचार आहे, रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे नियमित मारणं. लोक याला किरकोळ समजून आठवड्यात सोडून देतात आणि भारी अँटिबायोटिक मागतात. दुर्बिणीने ऑपरेशन केलं तरी धुणं सुटत नाही, उलट वाटा मोठ्या झाल्यामुळे पाणी आणि औषध आतपर्यंत पोचतं. ऑपरेशन झालं की संपलं असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही.

पुढच्या वेळी एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्या ही कळकळीची विनंती. आणि त्यात नाक धुवायचं पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड असावं हे ठळक छापा, नळाचं पाणी थेट नाकात घेतल्याने नेग्लेरिया नावाचा अमीबा मेंदूपर्यंत जाऊन लोक दगावल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं, आणि बाटलीही रोज धुवून कोरडी करावी, कारण तिच्या आतही तोच थर धरतो.

आपला,
एक नियमित वाचक